सहावीत जाणाऱ्या मुलांबरोबर पाहावा असा सिनेमा : ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’

रानजाई

ऑगस्ट लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी आयांच्या ग्रुपवर मिडल स्कूलचे मेसेज सुरू होतात. पाचवीपर्यंत एक वर्ग, एक बाई, घराजवळची छोटी शाळा. सहावीला गावातल्या वेगवेगळ्या प्राथमिक शाळांमधली पोरं एका मोठ्या इमारतीत येऊन पडतात. दर तासाला वर्ग बदलायचा, लॉकरचं कुलूप आकडे जुळवून उघडायचं, आणि जेवायच्या सुट्टीत कुणाच्या शेजारी बसायचं ते आपलं आपण ठरवायचं. आपण आईबाप गणिताच्या लेव्हलची काळजी करत असतो. पोरांच्या पोटात गोळा येतो तो जेवणाच्या टेबलामुळे.

या वयाच्या मुलांबरोबर कुठला सिनेमा पाहावा असं कुणी विचारलं की मी ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ सांगते. मार्च २०१० मध्ये आलेला, दीड तासाचा, थॉर फ्रॉयडेनथालने दिग्दर्शित केलेला. जेफ किनीच्या पुस्तकावरून. पुस्तक आधी २००४ पासून ‘फनब्रेन’ या मुलांच्या वेबसाइटवर रोज थोडं थोडं येत होतं, छापील स्वरूपात २००७ मध्ये आलं. आज त्या मालिकेच्या २५ कोटींहून जास्त प्रती खपल्यात, त्यामुळे पुस्तक बहुतेकांच्या घरी असेलच. सिनेमा मात्र ‘मुलांचा आहे, लावून देऊ आणि आपण स्वयंपाक उरकू’ म्हणून आईबाप बघत नाहीत. तो सोबत बसून बघावा म्हणून हे लिहितेय.

गोष्ट थोडक्यात. (पुढे कथानक येतंय, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा.) ग्रेग हेफली सहावीत जातो. त्याच्या डोक्यात सगळ्या शाळेची यादी तयार आहे, कोण किती लोकप्रिय, कुणाचा नंबर कितवा. स्वतःला तो बराच वर धरतो आणि जिवलग मित्र राउलीला खूप खाली. वर्षाच्या शेवटी शाळेच्या इयरबुकमध्ये, म्हणजे वर्षभराच्या फोटोंच्या पुस्तकात, ‘क्लास फेव्हरिट्स’चं म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या मुलांचं पान असतं, त्यावर आपला फोटो आलाच पाहिजे हा त्याचा ध्यास. त्यासाठी तो कुस्तीत उतरतो, नाटकात काम घेतो, सेफ्टी पेट्रोलमध्ये (लहान मुलांना सांभाळून घरी पोचवणारी विद्यार्थ्यांची तुकडी) जातो. प्रत्येक ठिकाणी तोंडावर आपटतो. आणि राउली, जो पहिल्याच दिवशी रंगीबेरंगी पोंचो घालून शाळेत येतो, ज्याला कशाचीच लाज वाटत नाही, तो काही न करता सगळ्यांना आवडायला लागतो.

मला या सिनेमात जे फार मोलाचं वाटतं ते असं. शाळेत ‘आपलं कसं होणार’ यावरच्या बहुतेक सिनेमांत नायक बिचारा असतो. गुंड पोरं त्याला छळतात, शेवटी तो जिंकतो, आपण टाळ्या वाजवतो. इथे नायक स्वतःच मित्राला दुखावतो. गुंडगिरी म्हणून नाही, निव्वळ भीतीपोटी. आपण खाली घसरू या भीतीने तो आपल्यापेक्षा मवाळ असलेल्या मुलाला खाली ढकलतो, आणि तरीही स्वतःला गोष्टीतला चांगला मुलगा समजत राहतो. सगळी गोष्ट त्याच्याच तोंडून येते, पण पडद्यावर दिसतं ते वेगळंच. तो सांगतो एक आणि आपण बघतो दुसरं. अकरा वर्षांच्या मुलाला हा फरक बरोबर कळतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मध्येच एक प्रसंग आहे, त्याच्याबद्दल बोलायचंय. ग्रेग राउलीला लहान मुलांच्या तीनचाकीवरून उतारावर सोडतो आणि वरून फुटबॉल फेकून त्याला पाडायचा खेळ काढतो. राउलीचा हात मोडतो. दुसऱ्या दिवशी राउली प्लास्टर घालून शाळेत येतो आणि मुली त्याच्याभोवती जमतात, प्लास्टरवर सह्या करतात, त्याचं दप्तर उचलतात, त्याला भरवायलाही तयार होतात. कॅमेरा त्या वेळी ग्रेगच्या तोंडावर थांबतो. त्या तोंडावर पश्चात्ताप शोधून सापडत नाही. नुसता हेवा आहे. झॅकरी गॉर्डन या मुलाने तो इतका खरा दाखवलाय की माझी मुलगी बघता बघता हसायची थांबली आणि म्हणाली, “ही इज नॉट इव्हन सॉरी!” मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. मुलांना कसा वाटला, तुम्हाला काय खटकलं, सगळं लिहा.

तिठा

मस्त धागा. आमच्याकडे हा सिनेमा इतक्या वेळा लागलाय की संवाद पाठ आहेत. पण तू रॉड्रिकला कशी विसरलीस? मोठा भाऊ हा या सिनेमाचा प्राण आहे. सुरुवातीलाच पहाटे चार वाजता ग्रेगला गदागदा हलवून उठवतो, ‘शाळेला उशीर झाला’ म्हणून. तो बिचारा कपडे करून तयार, आणि बाप झोपमोड झाली म्हणून भडकलेला. नंतर मिडल स्कूलमध्ये जगायचं कसं याचा सल्लाही हाच देतो : कुणाशी बोलू नकोस, कुणाकडे बघू नकोस, बसू नकोस, हात वर करू नकोस. आमच्या थोरल्याने धाकट्याला अगदी याच सुरात बस, कॅफेटेरिया, जिम यांबद्दल घाबरवून सोडलं होतं.

मला यात भावंडांचं जे नातं आहे ते फार आवडतं. लाडकं शेंडेफळ मॅनी, मध्ये अडकलेला ग्रेग आणि त्या दोघांच्या वर रॉड्रिक. डेव्हन बॉस्टिकने रॉड्रिक असा केलाय की २०१७ मध्ये सगळा संच बदलून चौथा भाग काढला तेव्हा पोरांनी इंटरनेटवर ‘हा आमचा रॉड्रिक नाही’ म्हणून हलकल्लोळ केला होता.

चकली

वाचतेय. आमचं अजून तिसरीत आहे, पण आत्तापासून वाचून ठेवते.

पिंपळपान

रानजाई, लेख छान उतरलाय, पण मी सहमत नाही. आमच्या घरी ही पुस्तकं मी बंद केली होती. मुलगा नववीत आहे आता, त्यामुळे निवांतपणे सांगू शकते.

ग्रेग आळशी आहे, खोटं बोलतो, आईला फसवतो, मित्राला वापरून घेतो. आणि हे सगळं विनोदी म्हणून येतं. तू म्हणतेस मुलांना फरक कळतो. काहींना कळत असेल. माझ्या मुलाला चौथीत पुस्तक हातात आल्यावर वर्गातल्या मुलांची यादी करायची लहर आली होती. कोण वर, कोण खाली. ती यादी शाळेत सापडली आणि ज्या मुलाला त्याने तळाला टाकलं होतं त्याच्या आईचा मला फोन आला. त्या माउलीचा आवाज मी विसरू शकत नाही. तिचा मुलगा आधीच बोलताना अडखळायचा.

मला वाटतं, नायकाच्या नजरेतून गोष्ट सांगितली की मूल नायकाच्याच बाजूने उभं राहतं. त्याला नायक चुकतोय हे दिसायला पुष्कळ उशीर लागतो.

रानजाई

पिंपळपान, तुझा अनुभव वाचून वाईट वाटलं आणि तू लिहिलंस याचं मोल आहे. त्या आईच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

पण पुस्तक आणि सिनेमा यात इथे मोठा फरक आहे आणि मी मुद्दाम सिनेमाबद्दल बोलतेय. किनीने मुळात ही गोष्ट मोठ्यांसाठी लिहायला घेतली होती. बालपण आठवणाऱ्या प्रौढांनी वाचावी अशी. प्रकाशकाने ती मुलांच्या कपाटात नेली. त्यामुळे पुस्तकातला ग्रेग जसा आहे तसा राहतो, त्याला शिक्षा होते किंवा होत नाही, पान उलटलं की संपलं. मोठा माणूस ते वाचून ‘आपण असेच होतो’ म्हणून हसतो. चौथीतल्या मुलाला तसं हसता येणार नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं.

सिनेमावाल्यांनी मात्र राउलीला खरा मुलगा केलाय. पुस्तकात तो काड्यांचा माणूस आहे, तोंड उघडून हसणारा. सिनेमात रॉबर्ट कॅप्रन आहे. गोल चेहऱ्याचा, सतत खुशीत असलेला. सेफ्टी पेट्रोलवर असताना ग्रेग लहान मुलांना घरी पोचवताना घोळ घालतो. अंगात नेमका राउलीचा कोट असतो म्हणून ठपका राउलीवर येतो. ग्रेगला ते कळतं आणि तो गप्प राहतो. नंतर राउलीला अगदी सहज सांगून टाकतो, जणू तो नेहमीप्रमाणे ‘बरं’ म्हणणार. तिथे राउलीचा चेहरा असा काही पडतो की मूल त्या क्षणी बाजू बदलतं. माझ्या मुलीने बदलली. नायकाच्या डोक्यात बसून पाहत असताना मूल बाजू बदलतं, हीच तर या सिनेमाची करामत आहे.

तिठा

+१. राउली हसायचा थांबतो तेव्हा फार लागतं.

खडूफळा

मी इलिनॉयमध्ये एका मिडल स्कूलला सहावीचं गणित शिकवते, म्हणून थोडं वर्गाच्या बाजूने.

सिनेमातला जेवणाचा प्रसंग आठवा. ग्रेग आणि राउली ट्रे घेऊन टेबलामागून टेबल फिरतात, प्रत्येक ठिकाणी ‘इथे कुणीतरी येतंय’, आणि शेवटी दोघं जमिनीवर बसून खातात. विनोदासाठी थोडं ताणलंय, पण माझी दुपारची ड्यूटी त्याच खोलीत असते आणि पहिल्या आठवड्यात मला तेच दिसतं. मुलं ट्रे घेऊन दाराशी थबकतात. नजर पटकन सगळीकडे फिरते. ओळखीचा एक चेहरा दिसला की खांदे खाली येतात. नाही दिसला तर काही जण ट्रे तसाच ठेवून बाथरूमला जातात आणि घंटा होईपर्यंत येत नाहीत. काही लायब्ररीत जायची चिठ्ठी मागतात. मी अशा मुलांना टेबल पुसायला, खुर्च्या लावायला मदतीला बोलावते. हातात काम असलं की एकटं असणं उघडं पडत नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं बस्तान बसतं. ज्यांचं बसत नाही त्यांच्या घरी मी फोन करते, आणि बहुतेक घरांत ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा कळते.

दुसरं म्हणजे, हे सगळं मुलांच्या स्वभावामुळे होतं असं आपण धरून चालतो. ते तितकंसं खरं नाही. सहावी ते आठवी अशी वेगळी शाळा ही कुणीतरी केलेली रचना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतल्या कोलंबसमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ज्युनियर हाय निघाल्या, साठच्या दशकानंतर त्यांची जागा मिडल स्कूलनी घेतली. २०१० मध्येच, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी, कोलंबिया विद्यापीठाच्या जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवुड यांनी न्यू यॉर्क शहरातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवीपर्यंत एकाच शाळेत राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत मिडल स्कूलला गेलेली मुलं गणितात आणि इंग्रजीत मागे पडतात असं त्यात दिसलं. मूल तेच, घर तेच. फक्त शाळा बदलली. पुढे २०१६ मध्ये न्यू यॉर्कचाच आणखी एक अभ्यास आला, त्यात शाळेत वयाने सगळ्यात लहान असण्याचा वाटा तपासला होता. सहावीतल्या मुलाच्या वर सातवी-आठवीवाले असतात, तेव्हा त्याला दादागिरी जास्त सोसावी लागते. हीच सहावीतली मुलं आठवीपर्यंतच्या शाळेत असती तर त्यांच्या खाली किंडरगार्टन ते पाचवी असे सहा वर्ग असते.

म्हणून मला ग्रेगची यादी समजते. त्याला एकदम सगळ्यात खालच्या पायरीवर आणून उभं केलंय. तो घाबरून नंबर मोजतोय.

पिंपळपान

खडूफळा, मदतीला बोलावण्याची तुमची युक्ती वाचून डोळे भरून आले. अशी शिक्षिका प्रत्येक मुलाला मिळो.

अभ्यासाचं माहीत नव्हतं. मग भारतात आपण पाचवी ते दहावी एकाच शाळेत होतो ते बरंच होतं म्हणायचं.

अण्णा_सातारकर

सगळीकडे तसं नव्हतं हो. आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याच्या हायस्कूलला जावं लागायचं, एसटीने. तिथे बाजारपेठेतल्या पोरांचे गट आधीपासून पक्के. आम्ही वाडीवरची पोरं शेवटच्या बाकावर बसायचो, आणि डबा वर्गात न उघडता मैदानाच्या कडेला चिंचेखाली खायचो, कारण आमच्या डब्यात रोज भाकरी आणि त्यांच्या डब्यात पोळी. सहामाहीत आमच्यातल्या एकाला गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हा पोळीवाले आपणहून चिंचेखाली आले, गणित समजावून घ्यायला.

हा सिनेमा मी नातवाबरोबर फ्रिमाँटला पाहिला. इंग्रजी उच्चार सगळे कळले नाहीत, पण ती पोरं ट्रे घेऊन फिरतात ते बघताना काही समजावून सांगावं लागलं नाही. नातवाला मी चिंचेची गोष्ट सांगितली. त्याला भाकरीत लाज वाटण्यासारखं काय आहे तेच कळेना, याचा मला आनंद झाला.

रानजाई

अण्णा, किती छान लिहिलंत. अजून लिहा ना हायस्कूलबद्दल, वेगळा धागा काढा हवं तर.

निळावंती

सगळे ग्रेग-राउलीबद्दल बोलताय, मला चिराग गुप्ताबद्दल बोलायचंय. कारण आपली मुलं हा सिनेमा बघतात तेव्हा चिरागकडेही बघतात.

चिराग हा वर्गातला भारतीय मुलगा. बुटका, चटपटीत, बडबड्या, आणि खास भारतीय ढंगाने इंग्रजी बोलणारा. ते काम करणारा करण ब्रार वॉशिंग्टन राज्यात जन्मला आणि वाढला, त्याचं स्वतःचं इंग्रजी इतर कुठल्याही अमेरिकन मुलासारखं. चिरागसाठी त्याने भाषा-प्रशिक्षकाकडून तो ढंग शिकून घेतला. नंतर डिस्ने चॅनलवरच्या ‘जेसी’ मालिकेत रवीचं काम करतानाही तेच. म्हणजे एक पंजाबी मुलगा, जो शाळेत बाकीच्यांसारखाच बोलतो, त्याला पडद्यावर यायचं तर वेगळं बोलायला शिकावं लागलं. ‘सगळ्यांत मिसळण्याबद्दलचा’ सिनेमा, आणि त्यात आपल्या मुलाने मिसळलेलं दिसायचं नाही.

माझा मुलगा टेक्ससमध्ये जन्मला. त्याच्या वर्गात एकाने त्याला सहज ‘चिराग’ म्हणायला सुरुवात केली होती. त्यात वाईट हेतू होता असं नाही, पण आमच्या घरी तो सिनेमा त्यानंतर लागला नाही. दुसऱ्या भागात तर सगळे मिळून चिराग दिसतच नाही असं नाटक करतात, आणि ते विनोद म्हणून येतं. ज्या मुलाला शाळेत खरंच कुणी दिसत नसल्यासारखं वागवलंय त्याच्यासाठी तो विनोद नाही.

तिठा

निळावंती, हे मी या नजरेने पाहिलंच नव्हतं. आमच्या मुलांना उलट चिराग फार आवडायचा, ‘आपला माणूस आहे’ म्हणून. २०१० मध्ये अमेरिकन सिनेमात वर्गात एक भारतीय नाव हजेरीत येतं याचंच अप्रूप होतं. आणि तो हुशार-पुस्तकी असा साचेबद्ध नाही, कुस्ती-खेळात उतरतो, वाद घालतो, चांगला फटकळ आहे. पण उच्चारांबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के खरं.

खडूफळा

माझ्या वर्गातले अनुभव दोन्ही बाजूंचे आहेत. नुकतंच भारतातून आलेलं मूल असतं तेव्हा त्याला चिराग आधार वाटतो, कारण तो त्याच्यासारखा बोलतो आणि तरी त्याला मित्र आहेत. इथे जन्मलेल्या मुलाला तोच चिराग टोचतो. एका वर्गात दोन्ही मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. मुलांना थेट विचारा, ‘चिरागचं बोलणं तुला कसं वाटलं?’ उत्तरं फार वेगवेगळी येतात.

रानजाई

निळावंती, तुझ्या मुलाला वर्गात जे नाव चिकटवलं त्याचा राग मला इथे बसून आला. सिनेमाच्या बाजूने मी यात काही बोलणार नाही. चिरागच्या बाबतीत हा सिनेमा कमी पडतो आणि दुसरा भाग जास्त कमी पडतो. पहिला भाग बघताना मीही मुलीला सांगितलं होतं की हा मुलगा खरा असा बोलत नाही, त्याला असं बोलायला सांगितलंय. ती म्हणाली, “व्हाय?” त्यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं, आणि ते व्हायला हवं होतं.

जाता जाता चीजबद्दल लिहिते, कारण अजून कुणी लिहिलं नाही आणि सिनेमाचा कणा तोच आहे. शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर एक चीजचा तुकडा पडून पडून बुरसटलाय. कुणीतरी कधीतरी त्याला हात लावला आणि त्याला ‘चीज टच’ लागला. आता तो दुसऱ्या कुणाला शिवून द्यायचा, नाहीतर तो जन्माचा वाळीत. बोटं एकमेकांवर चढवून ठेवली तर वाचता. आपल्या विषामृतासारखंच, फक्त ‘अमृत’ म्हणून सोडवणारं कुणी नाही. शेवटी एक जर्मन विद्यार्थी तो टच घेऊन मायदेशी जातो तेव्हा शाळा सुटकेचा श्वास टाकते. आता बघा, या खेळाला कुणी म्होरक्या नाही. कुणी गुंड तो चालवत नाही. सगळी शाळा मिळून चालवते, आणि प्रत्येक जण फक्त आपल्यावर येऊ नये एवढंच बघतो. मिडल स्कूलमधला छळ बहुतेक वेळा असाच असतो. शाळेच्या बैठकीत ‘बुली’ कोण असं विचारतात आणि कुणाचंच नाव पुढे येत नाही, ते यामुळेच.

शेवटी मोठी पोरं राउलीला तो तुकडा जबरदस्तीने खायला लावतात. बाकीची मुलं परत येऊन बघतात तर चीजचा घास गेलेला. कुणी खाल्लं? ग्रेग पुढे होऊन म्हणतो, मी खाल्लं. सगळा सिनेमा ज्याने नंबर मोजले तो स्वतःहून सगळ्यात खालचा नंबर घेतो. पिंपळपान, तू जे म्हणत होतीस ना, की हे सगळं नुसतं विनोदी म्हणून येतं, ते पुस्तकापुरतं बरोबर आहे. सिनेमात ही किंमत त्याला सगळ्यांसमोर मोजावी लागते.

पिंपळपान

हे मान्य. शेवट मला आठवत होता पण असा विचार केला नव्हता. राउलीला वाचवण्यासाठी खोटं बोलतो, आणि अख्ख्या सिनेमात पहिल्यांदाच त्याचं खोटं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं.

तरी मी चौथीतल्या मुलाला देणार नाही. सहावीत, आईबाप शेजारी असताना, हो. आणि यादीबद्दल आधी बोलून घ्यावं असं मला अजूनही वाटतं. ज्या मुलाचं नाव तळाला होतं तो आता माझ्या मुलाच्याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतो. दोघं मित्र नाहीत. एकमेकांना हाय करतात. माझ्या मुलाने त्याला त्यानंतर कधी काही बोलून दाखवलं नाही, माफीही मागितली नाही. मी अनेकदा सुचवून पाहिलंय.

निळावंती

पिंपळपान, सुचवत राहा. नववीतल्या मुलाने पाच वर्षांनी मागितलेली माफीसुद्धा समोरच्याला हवी असते. माझ्या मुलाला कुणी मागितली तर त्याचा दिवस सोन्याचा होईल.

तिठा

ग्रेगच्या आईबद्दल पण कुणीतरी लिहा. रेचल हॅरिसने ते काम केलंय. माय-लेकांच्या नाचाच्या कार्यक्रमात राउली आपल्या आईबरोबर जीव तोडून नाचतो आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतो. ग्रेगच्या आईलाही नाचायचं असतं, आणि हा कोपऱ्यात चिकटून बसलेला. त्या वेळी तिचा चेहरा बघा. मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाला की आई म्हणून जे निसटायला लागतं ते तिथे दिसतं. मला प्रत्येक वेळी तिथे जाऊन तिचा हात धरावासा वाटतो.

रानजाई

तिठा, अगदी अगदी. आणि अँजीबद्दल. क्लोई मोरेट्झने केलेली ती सातवीतली मुलगी, शाळेच्या वर्तमानपत्राचं काम करणारी, बाकड्यांच्या खाली एकटी पुस्तक वाचत बसणारी. ती पुस्तकात नाही, सिनेमासाठी घेतली. या सगळ्या शर्यतीतून स्वतःहून बाहेर पडलेली एकटी तीच. माझ्या मुलीला सगळ्यात जास्त ती आवडली आणि तिने शाळेच्या वर्तमानपत्राच्या क्लबची चौकशीही केली.

चकली

आता व्यावहारिक प्रश्न. पहिला भाग कुठे बघायला मिळेल, आणि पुढचे भाग दाखवू की नको? २०२१ मध्ये ॲनिमेशनमध्येही आलाय ना?

रानजाई

अमेरिकेत डिस्ने प्लसवर आहे. भारतात तुमच्याकडे कुठे आहे ते एकदा बघून घ्या. पीजी आहे, म्हणजे आईबापांच्या देखरेखीत मुलांनी बघावा असा, शिवीगाळ नाही. नाकातोंडाचे, संडासाचे विनोद आहेत, ते पोरांना आवडतात.

पुढच्या भागांचं माझं मत : घरी दोन भावंडं असतील तर २०११ चा दुसरा भाग, ‘रॉड्रिक रूल्स’, जरूर दाखव. त्यात भावाभावांचं भांडण आणि गट्टी छान आहे. फक्त चिरागचा तो भाग आला की निळावंतीने लिहिलंय ते लक्षात ठेव आणि थांबवून बोल. २०१२ चा तिसरा उन्हाळ्याच्या सुट्टीतला आहे, बापलेकांवर, हलकाफुलका. चौथ्याच्या वाटेला जाऊ नकोस. ॲनिमेशनवाला पुस्तकाच्या चित्रांसारखा दिसतो आणि तासाभराचाच आहे, तिसरीतल्या मुलाला आत्ता तो चालेल. पण राउलीचा चेहरा पडतो तो प्रसंग खऱ्या मुलांच्या सिनेमातच बघायला हवा, तेव्हा तो सहावीच्या आधीच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेव.

खडूफळा

आणि चकली, तेव्हा लॉकरचं कुलूप ऑगस्टमध्येच विकत आणून घरी सराव करून घे. तीन आकडे, उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे, मधल्या आकड्याला एक जास्तीचा फेरा. पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गाबाहेर जी मुलं रडतात त्यातली निम्मी या कुलपापायी रडतात, आणि ते घरी जेवणाच्या टेबलावर बसून शिकता येतं.